'ब समरी'नंतरचे काम कोण करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि तेव्हापासून आमच्याकडे पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात एक वाक्य हमखास कानावर पडते: "खोटी केस करणाऱ्याला आता दहा वर्षं आत घालतेत." दहा वर्षांची तरतूद कायद्यात आहे, हे खरे. पण ती कोणत्या खोट्याला आहे, ती लावायची कोणी, आणि आपल्या ठाण्यातून ती लावलेली कोणी पाहिली आहे का, असे विचारले की बोलणारा विषय बदलतो. मी औसा तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील होते, आता वयोमानाने निवृत्त झाले आहे. त्या कामात खोट्या फिर्यादी जवळून पाहिल्या, आणि खऱ्या फिर्यादी खोट्या ठरवल्या जातानाही पाहिल्या. या दोन्हींबद्दल मला बोलायचे आहे. एकाच बाजूने बोलले तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल.

आधी गावातली गोष्ट सांगते. 2024 च्या दिवाळीनंतर हरभऱ्याच्या पेरण्या चालू होत्या. एका भावकीत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुने भांडण होते. ट्रॅक्टरवाल्याने नांगरताना धुऱ्याची दोन तासे ओढली आणि सकाळी शेतात शिवीगाळ झाली. दोन्हीकडच्यांनी ठाण्यात जाऊन एकमेकांविरुद्ध अदखलपात्र नोंद केली. इथवर नेहमीचेच. चार दिवसांनी मात्र एका बाजूने फिर्याद दिली, की त्याच दिवशी अंधार पडल्यावर बाप-लेक आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) आले, लेकाने कुऱ्हाडीच्या तुंब्याने (बोथट बाजूने) मारले आणि बापाने धरून ठेवले. हा लेक लातुरात खोली करून राहत होता, अभ्यासिकेत बसायचा, सरकारी भरतीची तयारी करत होता. तो माझा नातेवाईक नाही, हे इथेच सांगून ठेवते.

पंचनाम्याला मी हजर होते. फिर्यादीत लिहिले होते की आखाड्यावरच्या बल्बच्या उजेडात दोघांना ओळखले. आखाड्यावर मीटर नव्हते, वायर नव्हती, बल्बचे होल्डरसुद्धा नव्हते, आणि आकडा टाकायचा म्हटले तरी जवळपास खांब नव्हता. जमादारांनी मला विचारले, "पाटीलबाई, इथं कधी लाइट होती का?" मी नाही म्हणाले आणि तसे पंचनाम्यात उतरले. दवाखान्याच्या कागदावर हातावर खरचटल्याची एक साधी जखम होती. त्या संध्याकाळी मुलगा लातूरच्या अभ्यासिकेत होता, तिथल्या कॅमेऱ्यात तो स्पष्ट दिसत होता आणि फोनचे लोकेशनही लातूरचेच निघाले. त्या जमादारांनी काम चोख केले. त्यांना श्रेय दिलेच पाहिजे, कारण पुढे मी जी तक्रार मांडणार आहे ती त्यांच्याविषयी नाही.

खेड्यातल्या खोट्या फिर्यादीत नाव कोणाचे घालायचे, याचा एक ठरलेला हिशेब असतो. घरात जो शिकतो आहे, ज्याने भरतीचा फॉर्म भरला आहे, त्याचे नाव आधी घालायचे. शिक्षा झाली नाही तरी चालते. गुन्हा दाखल झाला एवढेच पुरते, कारण चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात तो रकाना असतोच. या मुलाचे पुढे एका भरतीत निवड यादीत नाव आले आणि त्याला त्या रकान्यात लिहावे लागले की माझ्यावर गुन्हा दाखल आहे. लिहिले नसते तर? सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलेले आहे की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, आणि प्रलंबित गुन्हा लपवणाऱ्याची नेमणूक रद्द होऊ शकते. म्हणजे खोट्या फिर्यादीबद्दल खरे सांगण्याची सक्ती त्या पोरावर आहे. ती फिर्याद देणाऱ्याला मात्र आजपर्यंत कोणी एका शब्दाने विचारलेले नाही. त्याची आई माझ्या दारात बसून म्हणाली, "पोरगं खरं लिहून अडकलं. ज्यानं खोटं लिवलं त्याला काय झालं?" मला तिला उत्तर देता आले नाही. हे पत्र त्या उत्तरासाठी आहे.

पोलिसांनी तपास संपवून न्यायालयात 'ब समरी' पाठवली. वाचकांपैकी अनेकांना ही भाषा माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात पोलीस दोषारोपपत्र न देता तपास बंद करतात तेव्हा समरी अहवाल देतात. गुन्हा घडला हे खरे, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही, तर 'अ समरी'. फिर्यादच खोटी आणि खोडसाळपणे दिलेली, तर 'ब समरी'. गैरसमजातून दिलेली, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची निघालेली, धड खरी नाही आणि धड खोटीही नाही, तर 'क समरी'. म्हणजे 'ब समरी' मागताना पोलीस स्वतःच न्यायालयाला लेखी सांगत असतात, की आमची फसवणूक झाली, सरकारी यंत्रणा कोणाच्या तरी सूडासाठी वापरली गेली. न्यायालय फिर्यादीला नोटीस काढते, त्याचे म्हणणे ऐकते आणि मग समरी मंजूर करते. आमच्या प्रकरणातही तसेच झाले. फिर्यादी नोटिशीला आलाच नाही.

समरी मंजूर झाल्यावर मुलाच्या वडिलांना घेऊन मी ठाण्यात गेले आणि विचारले, की आता खोट्या फिर्यादीबद्दल पुढचे काय? तिथले साहेब वाईट वागले नाहीत, चहा सांगितला. म्हणाले, "ताई, तुमचा माणूस सुटला ना? आता कशाला वाढवायलाव? पुन्हा गावात भांडण पेटंल." वडिलांनी अर्ज लिहून आणला होता, तो आवक केला, शिक्का मारून दिला. त्या अर्जाचे उत्तर आजतागायत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली, लोकसेवकाने दुसऱ्याला त्रास होईल असे काही करावे म्हणून त्याला जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हे कलम 182 होते आणि तिथे सहा महिने किंवा एक हजार रुपये होते. दुसरे कलम 248. इजा पोचवण्याच्या हेतूने, आरोपाला काही आधार नाही हे माहीत असताना, एखाद्यावर खोटा फौजदारी आरोप केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या 211 मध्ये इथे दोन वर्षे होती. पारावरची ती दहा वर्षे याच कलमाच्या दुसऱ्या भागात आहेत: खोटा आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल तरच. कुऱ्हाडीच्या तुंब्याने साधी दुखापत केल्याच्या खोट्या फिर्यादीला दहा वर्षे नाहीत. तरी पाच वर्षे म्हणजे काही कमी नव्हेत. शिक्षा वाढली, हे चांगलेच झाले.

पण शिक्षेपर्यंत जाणारी वाट होती तशीच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 215, म्हणजे जुने 195, सांगते की 217 च्या गुन्ह्याची दखल न्यायालय तेव्हाच घेईल, जेव्हा ज्या लोकसेवकाला फसवले तो स्वतः किंवा त्याचा वरिष्ठ लेखी तक्रार देईल. ज्याचे नाव खोटे घातले, ज्याने वर्षभर तारखा मोजल्या, त्याला ती तक्रार देता येत नाही. कायद्याच्या नजरेत फसवणूक ठाण्याची झालेली आहे, आणि ठाणे म्हणते, जाऊ द्या. 248 चे आणखी वेगळे. आरोप न्यायालयातल्या कामकाजाशी जोडलेला असेल तर तक्रार न्यायालयाने करायची असते. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 379 खाली न्यायालयाकडे अर्ज करता येतो. ती जुनी 340 ची वाट. हा अर्ज बाधित माणूस करू शकतो. न्यायालय प्राथमिक चौकशी करते आणि न्यायाच्या हितासाठी आवश्यक वाटले तरच तक्रार पाठवते. ही वाट आहे, हे गावात कोणालाच ठाऊक नसते. वकिलाला विचारले तर तोही बहुधा म्हणतो, सुटलात ना, आता घरी जा. पुन्हा फी, पुन्हा तारखा, औशाच्या पुन्हा फेऱ्या. सोयाबीनला भाव नसलेल्या साली हे कोण करणार?

या सगळ्यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. 217 ची शिक्षा एक वर्षाची, त्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 प्रमाणे त्याची दखल घेण्याची मुदतही एका वर्षाची. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण उशिराचे कारण द्यावे लागते. तपास लांबतो, समरी दप्तरात पडून राहते, मंजुरीला आणखी महिने जातात. आमच्या प्रकरणात समरी मंजूर होईपर्यंत फिर्यादीला वर्ष उलटून गेले होते. म्हणजे 'फिर्याद खोटी' असा शिक्का बसायच्या आतच 217 खाली दखल घेण्याची मुदत निघून जाते. 248 ला ही एक वर्षाची अडचण नाही, कारण मुदतीचे बंधन तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे. पण 248 मध्ये हेतू आणि जाणीव दोन्ही सिद्ध करावी लागतात आणि ते काम जड आहे. ठाण्याच्या हातातले साधे, सोपे कलम 217 चे, आणि तेच वापराविना शिळे होते.

इथे काही जण म्हणतील, मग फिर्याद घेतानाच पोलिसांनी तपासून घ्यावी, खोटी वाटली तर नोंदवूच नये. माझा याला ठाम विरोध आहे. ललिताकुमारी प्रकरणात 2013 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. हा निकाल गरिबाच्या फार उपयोगाचा आहे. ज्याच्या मागे कोणी नाही त्याची फिर्याद घ्यायला ठाण्यात किती वेळ लावतात, हे मी बाकड्यावर बसून पाहिले आहे. नव्या संहितेत तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. आमच्या प्रकरणात ती वापरली असती तर तो नसलेला बल्ब गुन्हा दाखल होण्याआधीच उघडा पडला असता. पण त्याच सोयीच्या आडून एखाद्या मजुराला चौदा दिवस उंबऱ्याबाहेर ठेवता येते. म्हणून मला दार बंद करायचे नाही. आत आलेला कागद खोटा निघाला, तर तो देणाऱ्याला जाब विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि जाब कोणाला विचारायचा, हे ठरवताना फार जपायला पाहिजे. आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक बाई ऊसतोडीला गेली होती. परत आल्यावर तिने मुकादमाविरुद्ध तक्रार दिली, काय ते मी इथे लिहिणार नाही. तिची तक्रार खरी होती. मी तिच्याशी बोलले आहे, तिच्या अंगावरचे वळ मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नव्हती. नवरा मुकादमाच्या शब्दाबाहेर नव्हता. दोन्हीकडची मंडळी बसली, आणि काही आठवड्यांनी तिने लिहून दिले, "गैरसमजातून तक्रार दिली होती, आता काही म्हणणे नाही." या ओळीचा मसुदा दुसऱ्याच कोणी केला, तिला तो वाचताही येत नव्हता. उद्या कोणी कागद पाहून म्हणेल, बाईनेच खोटे होते असे लिहून दिले आहे, लावा 217. तसे झाले तर तिच्या वस्तीवरची दुसरी कुठलीच बाई ठाण्याची पायरी चढणार नाही.

तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, तेव्हा आमच्या गावानेही मनापासून काम केले. धुऱ्याची, पाणंदीची, वाटणीची कितीतरी भांडणे त्या बैठकीत मिटली आणि मिटायलाच हवी होती. पण 'गैरसमजातून' ही ओळ तिथे फार स्वस्त झाली. खरी फिर्याद मागे घेणाऱ्यालाही तीच ओळ, खोटी फिर्याद देऊन पस्तावलेल्यालाही तीच. त्यामुळे कागद पाहून कोण खोटे बोलले ते कळत नाही. पुरावा कमी पडला, साक्षीदार फितूर झाले, आरोपी निर्दोष सुटला, म्हणून फिर्याद खोटी होती असे होत नाही. 'अ' आणि 'क' समरीतल्या फिर्यादीला हात लावायचा नाही. तडजोडीच्या कागदावरून कोणाला खोटे ठरवायचे नाही. 'ब' मध्येसुद्धा जिथे आमच्या त्या बल्बसारखे काहीतरी ठोस हातात आहे, तिथेच पुढे जायचे. कायद्यात 'जाणूनबुजून' ही अट याचसाठी आहे.

अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याबाबत तर हे पुन्हा सांगायला हवे, कारण खोट्या केसची चर्चा आमच्याकडे निघाली की पाचव्या मिनिटाला तिकडेच वळते. 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गैरवापराच्या भीतीपोटी अटकेआधी परवानगी आणि गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी अशी बंधने घातली होती. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला, आणि 1 ऑक्टोबर 2019 ला न्यायालयाने आपले ते निर्देश स्वतःच मागे घेतले. खोटी फिर्याद देणे हा माणसाचा दोष आहे, जातीचा नाही, असेच न्यायालयाचे म्हणणे होते. मी पाहिलेल्या खोट्या फिर्यादी सगळ्या जातींच्या लोकांनी दिल्या होत्या, आणि बहुतेकींच्या मुळाशी जमीन होती.

आता मागणी. आमचा लातूर जिल्हा पोलिसांच्या नांदेड परिक्षेत्रात येतो, नांदेड, परभणी आणि हिंगोली यांच्यासोबत. मराठवाड्यातले उरलेले चार जिल्हे छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्रात. दोन्ही परिक्षेत्रांच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांनी एक साधे परिपत्रक काढावे. 'ब समरी' न्यायालयात पाठवताना तपासी अंमलदाराने त्याच कागदावर लिहावे, की 217 खाली तक्रार देत आहोत किंवा देत नाही, आणि देत नसल्यास का नाही. "गावात शांतता राहावी म्हणून" हे कारण चालणार नाही, असेही त्यात स्पष्ट लिहावे. शांतता मोडली ती फिर्याद देणाऱ्याने. ज्याचे नाव खोटे घातले त्याला या निर्णयाची प्रत मिळावी, म्हणजे 379 चा अर्ज करायचा की नाही हे त्याला ठरवता येईल. वर्ष संपत आलेल्या 'ब समरी'ची यादी दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत अधीक्षकांसमोर यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही, माणसे वाढवावी लागत नाहीत.

न्यायालयाने 'ब समरी' मंजूर केली, की त्याची नोंद आपोआप चारित्र्य पडताळणीच्या फाइलीत गेली पाहिजे. आज ती पोराने स्वतः नेऊन द्यायची असते. समरीच्या हुकुमाची नक्कल काढायची, ती पडताळणीच्या टेबलावर द्यायची, ते म्हणतात साक्षांकित आणा, मग पुन्हा नक्कल विभाग. या मुलाचे कागद असेच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. त्याच्याबरोबर यादीत असलेले तेव्हा रुजू होऊन प्रशिक्षणाला गेले होते.

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, वकील आणि पोलीस अधिकारी आपल्या वृत्तपत्राचे वाचक आहेत. त्यांच्यापैकी कोणी मराठवाड्यातल्या एखाद्या ठाण्यातून 217 किंवा जुन्या 182 ची तक्रार शेवटपर्यंत नेली असेल, तर ती कशी नेली, कुठे अडली, किती काळ चालली, हे याच सदरात लिहावे. त्या मुलाच्या वडिलांनी 379 चा अर्ज करायचे ठरवले आहे आणि औशात त्यासाठी वकील शोधणे चालू आहे. त्यांना त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त महिला पोलीस पाटील
ता. औसा, जि. लातूर

(गाव लहान आहे आणि दोन्ही घरे अजून एकाच आळीत राहतात, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)